कोरडा पट्टा

"काच उघडा हो कुणीतरी," तपासनीसबाई म्हणाल्या.

"एसी लावलाय ना, बाई," हिशेबनीस म्हणाले आणि त्यांनी मांडीवर पसरलेल्या रुमालावर आणखी एक उकडलेले अंडे टिचवले.

बाईंनी टॉवेलचे टोक नाकाशी धरले. गाडी डेअरीची होती, बाकांवर प्लॅस्टिकची आवरणे होती आणि सकाळच्या उन्हात ती तापू लागली होती. त्यात ड्रायव्हरच्या तंबाखूचा वास, पुढच्या सीटवर बसलेल्या साहेबांच्या सेंटचा वास आणि आता ही अंडी. शर्यत सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता. अख्खा दिवस जायचा होता.

"अहो, पुढचा टप्पा तुमचा आहे," साहेब मागे वळून म्हणाले. "पळायचंय तुम्हाला, आणि खाताय काय?"

"रिकाम्या पोटी मला गरगरतं, साहेब. आणि वाचलंय मी, पळणाऱ्याला प्रोटीन लागतं."

"बाहेर नाही पडलं म्हणजे मिळवलं," ड्रायव्हर म्हणाला आणि दार थोडे उघडून त्याने रस्त्यावर लाल पिचकारी मारली.

समोर, गाडीच्या थोडे पुढे, पॅकिंगमधली मुलगी पळत होती. खांद्यावरून तिरपा पिवळा पट्टा, वेणी पाठीवर आपटत होती आणि पाय असे पडत होते की जणू जमिनीशी तिचे जुने बोलणे आहे. शाळेत असताना ती जिल्ह्यापर्यंत पळून आली होती. मग लग्न झाले, मूल झाले, नवरा दुसरीकडे कामाला गेला तो फक्त फोनवर उरला आणि ही डेअरीत पिशव्या मोजून क्रेटमध्ये भरायला लागली. कंत्राटावर. दर काही महिन्यांनी काम सुटायचे, पुन्हा मिळायचे, आणि मिळेपर्यंत जीव टांगणीला.

या संघात बाईंना जर कुणाचा वास नकोसा झाला नसेल तर तो हिचा. म्हणूनच तर त्या आल्या होत्या. नाहीतर त्यांना या भानगडीत ओढायची कुणाची छाती नव्हती.

तपासनीसबाईंचे काम नाकाचे होते. डेअरीच्या फाटकाशी दुधाचा टँकर आला की झाकण उघडायचे, बाई शिडीवर चढायच्या आणि वाकून एक श्वास घ्यायच्या. आत प्रयोगशाळेत यंत्रे होती, नळ्या होत्या, पण त्यांचा नंबर नंतरचा. बाई 'घ्या' म्हणाल्या तर दूध आत जायचे, 'परत' म्हणाल्या तर टँकर आल्या पावली परत. ड्रायव्हर हातापाया पडत, कुणी शिव्या देत. बाई खाली उतरून हात धुवायच्या आणि पुढच्या टँकरकडे जायच्या. बावीस वर्षे त्यांनी हेच केले होते.

पण नाक काही ऑफिस सुटल्यावर कुलूप लावून ठेवता येत नाही. ते बसमध्ये बरोबर यायचे, लग्नाच्या पंगतीत बरोबर बसायचे, दवाखान्यात, नातेवाइकांकडे, उशीवर. कुणाच्या डोक्याला तेल किती दिवसांचे आहे ते त्यांना शेजारी बसल्या बसल्या कळायचे, आणि कळले की त्या सरकून बसायच्या. माणसे म्हणत, बाई फार शिष्ट, सतत नाक मुरडतात. त्यांचा नवरा टेलर होता, थट्टेखोर. तो म्हणायचा, "एवढी वर्षं झाली लग्नाला, पण अजून रोज संध्याकाळी दारात मला पास करूनच आत घेते. एखाद दिवशी परत पाठवेल."

पळणेसुद्धा त्यांच्या वाट्याला नाकामुळेच आले. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितले होते. घरामागच्या रस्त्याने त्या पहाटे चालायला जायच्या, पण वाटेत एक नाला लागायचा. एक दिवस तो इतका सडला होता की तेवढा तुकडा लवकर मागे पडावा म्हणून त्या पळाल्या. नाला संपला. बाई थांबल्या नाहीत. वारा समोरून येत होता, कुणाचाच कसलाच वास त्यात नव्हता, आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा त्यांना आपली छाती पूर्ण भरल्यासारखी वाटली. तेव्हापासून त्या रोज पळत. एकट्या.

कारखाने, बँका, कचेऱ्या यांच्या संघांची ही शर्यत मोठ्या तलावाला वळसा घालून जायची. पाच माणसे, पाच टप्पे. एकाने पळत यायचे, खांद्यावरचा पट्टा काढून पुढच्याच्या खांद्यावर चढवायचा. प्रत्येकाने आपला टप्पा पुरा पळायचा, एवढाच नियम. डेअरीचा संघ यापूर्वी कधी उतरला नव्हता. यंदा चेअरमन बक्षीस समारंभाला यायचे होते म्हणून साहेबांना हुरूप आला. चार जण जमले, पाचवे मिळेना.

बाईंनी साहेबांना साफ नाही म्हटले होते. दुसऱ्याच्या घामाने ओला झालेला पट्टा गळ्यात घालायचा, या नुसत्या कल्पनेनेच त्यांच्या अंगावर शहारा आला होता. मग दुपारच्या सुट्टीत पॅकिंगवाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्ही रोज पळता म्हणे."

"मग?"

"साहेब म्हणाले, संघ पहिल्या तिनात आला तर माझं नाव कायमच्या यादीत टाकतो. चेअरमनसाहेबांच्या समोरच सांगतो म्हणाले. पण पाचवं माणूसच मिळत नाहीये." ती थोडी घुटमळली. "मी पट्टा तुमच्या आधी धुऊन दिला असता, पण पळता पळता कसा धुणार?"

बाईंना हसू आले. तिथेच त्या फसल्या.

पहिला टप्पा संपला तेव्हा मुलगी तिसरी होती. तिने पट्टा हिशेबनिसांच्या गळ्यात घातला आणि गाडीत येऊन बाईंच्या शेजारी कोसळली. अंगातून वाफा निघत होत्या. "पुढच्या दोघी माझ्या अगदी हाताशी आल्या होत्या ताई, अजून थोडा रस्ता असता तर खाल्लं असतं मी त्यांना," ती म्हणाली. बाईंनी तिला पाणी दिले आणि हळूच थोड्या खिडकीकडे सरकल्या.

हिशेबनिसांचे जे व्हायचे ते झाले. टप्पा निम्मा झाला नसेल तोच ते रस्त्याच्या कडेला वाकले, आणि पोटातली सगळी अंडी गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी रस्त्याला परत केली. मग तोंड पुसायला त्यांना हाताशी जे सापडले त्यानेच पुसले.

"पट्ट्याने पुसलं त्यांनी," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"बघू नका ताई," मुलगी म्हणाली.

पण बाई बघत होत्या. पट्ट्यावर पडणाऱ्या प्रत्येक डागाकडे त्या सकाळपासून बघत होत्या. हिशेबनिसांनी, त्यांच्या बाजूने एवढे म्हटलेच पाहिजे, शर्यत सोडली नाही. धापा टाकत, पोट धरत, मागून येणाऱ्या तिघांना वाट देत ते एकदाचे पोचले. तिथे ड्रायव्हरने पट्टा गळ्यात अडकवला आणि गाडीचे स्टेअरिंग साहेबांनी धरले. ड्रायव्हर आडदांड गडी होता, तोंडात तंबाखू धरूनच पळाला. मधूनच थुंकायचा, वाऱ्याने ते परत त्याच्याच छातीवर यायचे. पण पळाला मात्र खरा. दोन जणांना मागे टाकून तो आला तेव्हा पट्टा पिवळा राहिला नव्हता. ओला, काळपट, दोरीसारखा पिळलेला.

बाईंनी घरून एक जुना सुती रुमाल आणला होता. पट्टा आणि मान यांच्यामध्ये तो घालायचा, असे त्यांनी ठरवले होते. तो रुमाल त्यांनी चाचपून पाहिला. आता फक्त साहेबांचा टप्पा, मग आपण.

चौथा टप्पा चढाचा होता. रस्ता तलाव सोडून डोंगराच्या अंगाने वर जायचा, झाडीत शिरायचा आणि पलीकडे उतरायचा. मध्ये घर नाही, दुकान नाही, माणूस नाही. साहेबांनी पट्टा दोन बोटांत धरून खांद्यावर टाकला, फोटो काढायला लावला आणि निघाले. ड्रायव्हर पुन्हा स्टेअरिंगवर बसला. पहिले वळण गेले, दुसरे गेले, आणि साहेबांनी हात वर केला.

"थांबव, थांबव!"

गुडघा धरून, ओठ आवळून ते आत चढले. "जुनं दुखणं आहे. चढावर उचल खातं. एवढा चढ संपेपर्यंत बसतो, पलीकडे उतारावर पळेन."

बाईंना खरोखर वाईट वाटले. त्यांनी आपल्या पिशवीतला दुखण्यावरचा स्प्रे काढून दिला. हिशेबनिसांनी पाय लांब करायला जागा करून दिली. गाडी चढ चढली, माथ्यावर आली, पलीकडे उतरू लागली.

"साहेब, उतार लागला," पॅकिंगवाली म्हणाली.

"हो, हो. ते बंद दुकान दिसतंय ना, त्याच्यामागे घे गाडी," साहेब ड्रायव्हरला म्हणाले. "थोडा वेळ बसू. एवढ्यात पोचलो तर कुणालाही शंका येईल."

मालाची गाडी किती वाजता सोडायची हे सांगावे, तशा आवाजात ते बोलले होते. गाडी शहाळ्यांच्या की कशाच्या तरी बंद टपरीमागे उभी राहिली. साहेबांनी गळ्यातला पट्टा काढला, "शी! काय वास मारतोय हा," म्हणाले आणि तो एसीच्या जाळीवर पसरून ठेवला. खिशातून सेंटची बाटली काढून त्यावर दोनदा फवारले. मग उतरून टपरीच्या आडोशाला जाऊन आले. जाताना आणि येताना दोन्ही गुडघे उत्तम चालत होते.

परत येऊन त्यांनी संत्रे सोलायला घेतले. हिशेबनीस बाहेरच्या झाडाकडे बघत राहिले. ड्रायव्हरने आरसा पुसला, मग पुन्हा पुसला. पॅकिंगवाली नखातली माती काढत होती. बंद गाडीत सेंट, संत्रे, ओकारी, तंबाखू आणि वाळत चाललेला घाम यांचा मिळून एकच वास झाला होता. तपासनीसबाईंनी आयुष्यात फाटलेले दूध हुंगले होते, उन्हात तापलेले टँकर हुंगले होते, एकदा तर आत उंदीर मेलेला टँकर हुंगला होता. असे कधी झाले नव्हते.

"साहेब, हे बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

"काय बरोबर नाही?"

"प्रत्येकाने आपला टप्पा पळायचा, असा नियम आहे. गुडघा दुखतोय तर तसं सांगू या. शर्यत सोडू या."

"बाई," साहेब हसले, "गल्लीतली शर्यत आहे ही. एवढं मनावर कशाला घेता? आणि सगळेच करतात. ट्रॉफी काय मी घरी नेऊन त्यात फुलं ठेवणारेय? डेअरीला मिळणार आहे." मग त्यांनी संत्र्याची फोड पॅकिंगवालीपुढे धरली. "आणि हिचं काम व्हायचंय ना? का नको व्हायला?"

मुलीने फोड घेतली नाही. तिने बाईंकडे पाहिले. नुसते पाहिले. बाईंच्या जिभेवर आलेला शब्द त्यांनी गिळला. टँकर परत पाठवताना ज्या बाईंनी कधी कुणाच्या डोळ्यांत पाहिले नव्हते, त्यांनी या वेळी पाहिले, आणि गप्प बसल्या.

साहेबांनी घड्याळ पाहून गाडी हलवायला सांगितली. पुढच्या वळणाशी बाईंना उतरवले. त्या चालत बदलाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे शिट्टी घेतलेला एक माणूस होता, पाण्याचे पिंप होते, इतर संघांची माणसे हातपाय झटकत होती. थोड्या वेळाने वळणावरून साहेब आले, धावत, तोंड वाकडे करत. डोक्यावर आणि शर्टावर त्यांनी बाटलीने पाणी ओतून घेतले होते. केसांतून थेंब गळत होते, पट्टा मात्र त्यांनी हातात वर धरला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पळा बाई, पळा! चौथे आहोत आपण!" त्यांनी पट्टा बाईंच्या गळ्यात घातला.

पट्टा कोरडा होता.

बाईंच्या हातात रुमाल तयार होता. तो मानेवर ठेवायची गरजच पडली नाही. कापड इस्त्री केल्यासारखे ताठ, गार, आणि त्याला फुलांचा वास. सकाळपासून ज्या स्पर्शाची त्यांना धास्ती होती तो स्पर्श झालाच नाही, आणि जो झाला त्याने त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले. ओला चालला असता. उलटी लागलेला चालला असता. ती निदान कुणाच्या तरी पोटातून आली होती.

"पळा की!" शिट्टीवाला ओरडला.

आणि त्या पळाल्या. पाय सवयीने निघाले, डोके मागे राहिले. शेवटचा टप्पा तलावाच्या काठाने सपाट जात होता, उजवीकडे पाणी, समोरून वारा. त्यांच्या रोजच्या पहाटेसारखाच वारा. पण आज तो काही नेईना. फुलांचा तो गुळचट वास गळ्याशी बांधलेला होता, आणि घाम यायला लागला तसा तो आणखीच फुलला. बाई वेग वाढवत होत्या. लांबून पाहणाऱ्याला वाटले असते, काय जिद्द आहे बाईची. जिद्द कसली, नाला मागे टाकायला पळतात तशा त्या पळत होत्या, आणि नाला बरोबरच येत होता.

शेवटाच्या थोडे अलीकडे त्यांना तिसऱ्या संघाचा माणूस दिसला. बँकेचा पहारेकरी होता, छातीवर बँकेचे नाव होते. साठीला टेकलेला असावा. एक पाय ओढत होता. शर्ट अंगाला चिकटला होता, आणि त्याचा पट्टा असा भिजला होता की त्याच्या टोकातून थेंब पडत होते. पाच माणसांचा घाम होता तो, चढाचासुद्धा. बाई त्याच्या बरोबरीला आल्या. त्याच्या अंगाचा उग्र, आंबूस वास त्यांच्यापर्यंत आला, आणि बाईंनी तोंड फिरवले नाही.

"चला ताई, चला," तो धापांमधून म्हणाला. "छान पळताय. माझं काही आता खरं नाही. जा तुम्ही पुढे."

त्याने बाजूला होऊन वाट दिली.

बाईंना वाटले, इथेच थांबावे. या माणसाला पुढे जाऊ द्यावे. पण पाय थांबले नाहीत. समोर मांडव दिसत होता, लोक ओरडत होते, आणि त्या लोकांत पॅकिंगवाली दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. बाई फितीवरून पार गेल्या. तिसऱ्या.

साहेबांनी त्यांना मिठी मारायचा बेत केला होता, पण बाईंनी हात पुढे करून त्यांना लांबच ठेवले. ध्वनिक्षेपकावर डेअरीचे नाव पुकारले गेले. व्यासपीठावर चेअरमन टाळ्या वाजवत होते. मागून पहारेकरी आला, फितीपलीकडे दोन पावले गेला आणि जमिनीवर बसला. त्याच्या संघातल्या कुणीतरी त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतले. तो हसत होता. चौथा आल्याबद्दल सगळ्यांची माफी मागत होता.

बाई गर्दीतून सरळ पंचांच्या टेबलाशी गेल्या. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेली एक बाई बसली होती, दिवसभराच्या उन्हाने वैतागलेली.

"डेअरीचा संघ बाद करा," तपासनीसबाई म्हणाल्या.

"काय?"

"आमचा चौथा टप्पा पळला गेलेला नाही. गाडीतून आला."

पंचबाईंनी त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिले. "तुम्ही याच संघातल्या ना?"

"हो."

"मग तेव्हा कुठे होतात तुम्ही?"

"गाडीतच होते."

"आणि आता सांगताय?"

"हो," बाई म्हणाल्या. "आता सांगतेय."

पंचबाईंनी बदलाच्या जागेवरच्या माणसाला बोलावले, साहेबांना बोलावले. साहेब आधी हसले, मग गुडघा दाखवू लागले, मग त्यांचा आवाज चढला. हिशेबनिसांना विचारले तेव्हा ते म्हणाले, मला बरं वाटत नव्हतं, माझं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरला विचारले. तो आधी बाजूला थुंकला आणि मग म्हणाला, "गाडी मी चालवत होतो. बाई खोटं कशाला बोलतील?"

ध्वनिक्षेपकावर दुरुस्ती सांगितली गेली. पहारेकऱ्याला आधी काही समजेना. त्याच्या माणसांनी त्याला बखोटीला धरून उभे केले. व्यासपीठावर चेअरमन शेजारच्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि दुसरीकडे बघू लागले.

"एवढं नाक लांब असून उपयोग नसतो, बाई," साहेब जाता जाता दबक्या आवाजात म्हणाले. "एखाद दिवशी दारात सापडतं." त्यांच्या शर्टावरचे पाणी वाळून गेले होते. आता तिथे खरा घाम येत होता.

बाईंनी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि वळल्या. मागे पॅकिंगवाली उभी होती.

"मला निदान सांगायचं तरी होतंत," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणालेच असते." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला काय, तुम्ही कायम आहात. तुमचं नाक वर राहिलं. माझ्या पोरीला मी काय सांगू? मी पळाले ना ताई! मी तर खरी पळाले ना!"

खरेपणासाठी केले, असे म्हणता आले असते. पण ते खरे नव्हते. बंद टपरीमागे त्या या मुलीसाठी गप्प बसल्या होत्या, आणि तेव्हा त्यांना तेच योग्य वाटले होते. मग त्यांना ते सोसवले नाही, एवढेच. किळस आली. किळस काही विचार करून येत नाही, आणि कुणाचे भले-बुरे बघून परतही जात नाही. मुलगी लंगडत निघून गेली.

उन्हे कलली. बक्षिसे वाटून झाली, मांडवाचे कापड उतरवायला सुरुवात झाली. डेअरीची गाडी निघाली तेव्हा हिशेबनिसांनी काच खाली करून विचारल्यासारखे केले, पण दार कुणी उघडले नाही. ड्रायव्हरने मात्र जाण्यापूर्वी उतरून बाईंची पिशवी आणून त्यांच्यासमोर ठेवली, आणि त्यावर आणखी एक पिशवी ठेवली.

"ही त्या पोरीची. मलमपट्टीच्या रांगेत होती ती. साहेब थांबू देईनात," तो म्हणाला आणि वर न बघता निघून गेला.

बाई दोन्ही पिशव्या घेऊन तिला शोधायला गेल्या. तलावाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर ती बसली होती. मलमपट्टीवाले केव्हाच सामान आवरून गेले होते. तिने एक बूट काढला होता. मोजा टाचेवर काळसर लाल होऊन कातडीला चिकटला होता, आणि तो ओढताना ती दात आवळत होती.

"गाडी गेली," बाई म्हणाल्या. "बसने जाऊ. थांबा पुढे आहे."

मुलगी मोज्याशीच झटत राहिली.

बाई तिच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "असं ओढू नकोस. कातडं निघून येईल. भिजवून सोडवायला हवं."

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"नको बोलूस. पाय इकडे कर."

मग मुलीने पाय पुढे केला. बाईंनी तो उचलून आपल्या मांडीवर घेतला. दिवसभर बुटात शिजलेला पाय, रक्त, रबर, ओला मोजा. बाईंचे नाक सवयीने आक्रसले. त्यांनी ते लपवले नाही, लपवण्यासारखे नव्हतेही. डाव्या हाताने टाच धरून त्यांनी उजव्या हाताने पाण्याची बारीक धार सोडली आणि मोज्याची कड बोटाने अगदी हळूहळू, जरा जरा करून, मागे सारू लागल्या. मुलीने एकदा श्वास आत ओढला. बाई थांबल्या. पुन्हा धार सोडली, पुन्हा बोट फिरवले. तलावावर कुणी नव्हते. शेवटी मोजा निघाला. बाईंनी तो पिळला, घडी करून पायरीवर ठेवला आणि सकाळपासून न वापरलेला सुती रुमाल टाचेभोवती गुंडाळून गाठ मारली.

मुलगी पाण्याकडे बघत होती. वाकून तिने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली, आणि तो पाय बाईंपुढे केला.